फुलं गाळणारं लोकाट

प्रभावती वानखडेला निवांत बसलेलं फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल. ऑफिसात ती फायली उभ्यानं वाचायची. बसमध्ये जागा मिळाली तरी स्टॉप यायच्या कितीतरी आधी उठून दाराशी जायची. जेवताना मध्येच उठून गॅस बंद केलाय ना, ते पाहून यायची. तिचा नवरा विनय दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाला होता आणि स्वभावानं अगदी उलटा होता. सकाळचा पेपर तो दुपारपर्यंत पुरवायचा. ‘बस गं जरा’ हे त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत इतक्या वेळा निघालं होतं की प्रभावतीला ते आता ऐकूही येत नसे.

तिच्या या चुळबुळीला कारण नव्हतं असं नाही. अकोल्याहून परीक्षा पास होऊन केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ती दिल्लीत आली, तेव्हापासून तिचं बिऱ्हाड सारखं हलत राहिलं. लग्नानंतर भाड्याची घरं झाली. एका मालकिणीनं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी खोली भाच्याला लागणार असल्याचं सांगितलं. दुसरीकडे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला आणि महिन्याभरात घराची डागडुजी निघाली. पुढे सरकारी क्वार्टर मिळालं, पण तिथेही बढती झाली की मोठं घर, की पुन्हा ट्रक. दर ठिकाणी तिनं काहीतरी लावलं. शेवगा लावला, शेंगा धरायच्या आत घर सुटलं. पपईला फळं लटकली आणि तिची बढती झाली. लिंबाच्या झाडाला पहिली फुलं आली त्या आठवड्यात विनयनं भांडी पोत्यात भरली. तिनं लावलेलं नेहमी दुसऱ्याच कुणीतरी खाल्लं.

आर. के. पुरमचं तळमजल्याचं घर मिळालं तेव्हा ती मनाशी म्हणाली, आता निवृत्तीपर्यंत इथून हलायचं नाही. मागच्या दारी छोटं अंगण होतं, सकाळचं ऊन यायचं. नर्सरीतून तिनं लोकाटाचं रोप आणलं. अकोल्यात तिनं हे फळ कधी पाहिलं नव्हतं. दिल्लीत आल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये हातगाडीवर पिवळी, मऊ सालीची फळं दिसली, तिनं एक तोंडात टाकलं, आणि आंबटगोड गर संपून गुळगुळीत बिया जिभेवर आल्या तेव्हा तिला हे शहर पहिल्यांदा बरं वाटलं होतं. बाजारात ती फळं जेमतेम दोन-तीन आठवडे येतात. तेवढ्यात ती रोज आणायची.

रोप छान वाढलं. लांब, जाड, दातेरी पानं, खालून लवदार. पुरुषभर उंची ओलांडली आणि चौथ्या हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांना तपकिरी मखमली तुरे आले, त्यातून पांढरी फुलं उमलली. प्रभावती ऑफिसला जाण्याआधी आणि आल्याबरोबर तिथे जाऊन उभी राहायची. जानेवारीत फुलं वाळली, तुरे काळे पडले आणि एकेक करून गळाले. एकही फळ धरलं नाही.

पहिल्या वर्षी असंच होतं, असं सगळे म्हणाले. पण पुढच्या हिवाळ्यातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. तिनं शेणखत घातलं. कुणी म्हणालं हाडांचा चुरा घाल, तो घातला. पाणी जास्त होतंय म्हटल्यावर पाणी तोडलं, मग पानं मलूल दिसली म्हणून घाबरून पुन्हा दिलं. आळं मोठं केलं, मग बुजवलं, मग पुन्हा खणलं. विनय म्हणाला, झाडाला जरा श्वास घेऊ दे, तुला बघून ते दचकत असेल. मुलगी समता बंगळुरूहून फोनवर म्हणाली, “आई, यार, ते शोभेचं झाड समज ना.”

“शोभेचं लावायचं असतं तर क्रोटन लावलं असतं,” प्रभावती म्हणाली आणि फोन विनयकडे देऊन अंगणात गेली.

मग शेवटचा हिवाळा आला. एप्रिलअखेर ती निवृत्त होणार होती. त्यानंतर थोडे महिने क्वार्टर ठेवता येतं, मग दिल्लीबाहेर वसुंधरात घेतलेल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. तिथे अंगण नव्हतं. म्हणजे या तुऱ्यांना फळ धरलं तर धरलं. ऑक्टोबर संपता संपता तुरे फुटायला लागले आणि प्रभावतीची झोप उडाली.

फळ का धरत नाही, ते शेवटी वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मींनी सांगितलं. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मुलाकडे नेल्लूरला वर्षाचे आठ महिने असायच्या, त्यामुळे हे झाड फुलात असताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. यंदा मात्र त्या हिवाळ्यात इथेच होत्या. त्यांनी भिंग आणून फुलं तपासली. फुलं निरोगी आहेत, म्हणाल्या. पण लोकाटाच्या काही जातींना स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसऱ्या जातीचं झाड फुललेलं असावं लागतं, नाहीतर फुलं येतात आणि गळून जातात. या कॉलनीत दुसरं लोकाट दिसत नाही. कुठून फुललेले तुरे मिळाले तर हातानं परागण करता येईल. फुलं एकदम उमलत नाहीत, दीड-दोन महिने थोडी थोडी उमलत राहतात, तेव्हा वेळ आहे.

प्रभावतीला तेवढं पुरलं. ती दुसरं लोकाट शोधायला निघाली.

नोव्हेंबरची दिल्ली म्हणजे डोळ्यांची चुरचुर आणि तोंडाला मास्क. सूर्य दुपारीही पितळी दिसायचा. समता फोनवर रागावायची, विनय दारात उभा राहून खोकायचा, पण प्रभावती थांबली नाही. शनिवारी-रविवारी बस पकडून ती जुन्या सरकारी वसाहतींतून हिंडली. मोती बाग झालं, नेताजी नगरात पत्र्यांच्या मागे नवे टॉवर उभे राहत होते तिथून परतली, हौज खासच्या बंगल्यांच्या भिंतींवरून डोकावली. लोकाटाच्या फुलांना कडू बदामासारखा गोडूस वास असतो. त्या धुरात नाकानं काही कळत नव्हतं, म्हणून ती मान वर करून पानंच शोधत चालायची. एका बंगल्याच्या चौकीदारानं तिला हटकलं. एका बागेत लांबून लोकाट वाटलं ते जवळ गेल्यावर चाफा निघाला. नर्सरीत रोपं होती, फुललेलं एकही नव्हतं. घरी येऊन ती चपलाही न काढता मागच्या दारी जायची आणि आज किती फुलं वाळली ते बघायची.

विनयनं हे तीन आठवडे पाहिलं. एका रविवारी ती रोहिणीकडे जायला निघाली, तेव्हा त्यानं पेपर खाली ठेवला.

“लक्ष्मीबाई नगरात आहे ना एक,” तो म्हणाला.

प्रभावती पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होती. ती थांबली नाही.

“मला नाही माहीत.”

“प्रभा, मला माहीत आहे, तुला नसेल कसं? महाराष्ट्र मंडळातले सगळे दर वर्षी तिच्या लोकाटाच्या मुरंब्याचं कौतुक करतात.”

तिनं बाटली काढली, पुन्हा ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली, ओटा पुसलेला होता तो पुन्हा पुसला. विनय पुन्हा पेपरकडे वळला. त्यालाही पुरतं कधीच सांगितलेलं नव्हतं, पण शुभदा हे नाव घरात का निघत नाही, एवढं त्याला कळत होतं.

शुभदा साताऱ्याची. दोघी एकाच बॅचला, एकाच विभागात लागल्या होत्या आणि पहाडगंजमध्ये एका मराठी कुटुंबाच्या माडीवर एका खोलीत राहत होत्या. कडाक्याच्या थंडीत एका रजईत झोपायच्या. शुभदाला पोळ्या येत नसत, प्रभावतीनं शिकवल्या. प्रभावतीला हिंदी बोलताना अडखळायला व्हायचं, तेव्हा बाजारात शुभदा पुढे व्हायची. मग शुभदाची आई महिन्याभरासाठी आली. पहिल्या दिवशी गोड बोलली. कुणी काय सांगितलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रभावती ऑफिसातून आली तेव्हा तिचा कप, ताट, वाटी खिडकीच्या कठड्यावर वेगळी मांडलेली होती. आई म्हणाली, तुझं ते तिकडे आहे हं, आणि आता स्टोव्हपाशी तू येऊ नकोस, मी करते सगळं. शुभदा स्टोव्हला पंप मारत होती. तिनं मान वर केली, प्रभावतीकडे पाहिलं आणि पुन्हा पंप मारायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभावती आपली ट्रंक घेऊन बाहेर पडली. महिन्याभरात तिनं विभागही बदलून घेतला. त्यानंतर साडेतीन दशकं दोघी एकाच शहरात राहिल्या. मंडळाच्या कार्यक्रमांत समोरासमोर आल्या की एक जण पाण्याच्या टेबलाकडे वळायची.

त्या रविवारी प्रभावती रोहिणीला गेली नाही. भीकाजी कामा प्लेसच्या स्टॉपवर बसची वाट पाहत ती इकडून तिकडे चालत राहिली, दोन बस सोडल्या, तिसरीत चढली आणि आयएनएला उतरली. लक्ष्मीबाई नगरात पत्ता विचारावा लागला नाही. जुन्या दुमजली क्वार्टरच्या कोपऱ्यावर लोकाट भिंतीबाहेर झुकलं होतं, तुऱ्यांनी भरलेलं. मधमाश्या होत्या. ती फाटकासमोरून पुढे गेली, वळून परत आली, पुन्हा पुढे गेली. तिसऱ्या वेळी दार उघडलं.

शुभदा जाड झाली होती, केस पांढरे, एका गुडघ्यावर पट्टा. ती दारातूनच बघत राहिली.

“फुलं हवी होती,” प्रभावती म्हणाली. “लोकाटाची. माझं झाड फळ धरत नाही. एक-दोन तुरे मिळाले तर बघते.”

“ये ना आत.”

“नको. वाळतील.”

शुभदानं कात्री आणली. गुडघ्यामुळे तिला टाचा उंचावता येईनात, म्हणून प्रभावतीनं कात्री घेतली आणि स्वतः तुरे कापले. शुभदा पिशवी धरून उभी राहिली. मग शुभदा म्हणाली, “आई गेली. सहा वर्षं झाली.”

“कळलं होतं.”

“तिनं तसं करायला नको होतं.”

प्रभावतीनं कापलेला तुरा पिशवीत ठेवला. आपल्याला राग येतोय की रडू, ते तिला कळेना.

“तुझ्या आईला मी दोन दिवस ओळखत होते,” ती म्हणाली. “तुला दोन वर्षं. तू तोंड उघडलं नाहीस.”

“हो,” शुभदा म्हणाली. “नाही उघडलं.”

तिनं कारण दिलं नाही, लहान होते म्हणाली नाही, घाबरले म्हणाली नाही. प्रभावती वाट पाहत होती की ती काहीतरी सबब सांगेल आणि मग तिला ऐकवता येईल. इतक्या वर्षांत तिनं बरंच काही ठरवून ठेवलं होतं. पण समोरच्या बाईनं सगळं कबूल करून टाकलं होतं आणि ती पिशवी धरून उभी होती. प्रभावती कात्री तिच्या हातात देऊन निघाली. बसमध्ये ती पूर्ण वेळ उभी राहिली, पिशवी छातीशी धरून.

घरी विजयालक्ष्मींनी करून दाखवलं. उमललेल्या फुलावर आणलेलं फूल हलक्या हातानं फिरवायचं, दव सुकल्यावर, ऊन फार वाढायच्या आत. प्रभावती स्टुलावर चढली. एरवी तिचे हात झपाझप चालायचे, इथे घाई चालत नव्हती. फूल दाबलं की पाकळ्या तुटत. विनय स्टूल धरून उभा होता. त्याला पहिल्यांदा ती इतका वेळ एका जागी दिसली.

पण आठवड्याभरात आणलेले तुरे संपले आणि झाडावर नव्या कळ्या उघडत होत्या. पुन्हा जावं लागणार होतं. दोन दिवस ती घरात येरझारा घालत राहिली, तिसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेली. फाटकाच्या कडीला ओल्या फडक्यात गुंडाळलेले तुरे लटकवलेले होते. दार बंद होतं. ती तुरे घेऊन निघाली, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तिला भयंकर चीड आली. असं भिक्षा घालावी तसं कडीला अडकवून ठेवलंय, तिला वाटलं. परत येऊन तिनं बेल दाबली.

“घरात असून बाहेर का लटकवलंस?”

“तुला मला बघायचं नसेल म्हणून,” शुभदा म्हणाली.

प्रभावती आत गेली आणि खुर्चीच्या काठावर बसली. शुभदानं चहा केला, दोघींनी घेतला. बोलणं गुडघ्यांवर झालं, पेन्शनच्या कामावर झालं, शुभदाच्या मुलावर झालं. जयदीप पुण्यात स्थायिक होता आणि आईला ये म्हणत होता. जुनं काही निघालं नाही. चहा संपल्याबरोबर प्रभावती उठली. बसस्टॉपवर तिला वाटलं, आपण फार लवकर मऊ झालो. घरी पोचेपर्यंत तिनं ठरवलं की पुढच्या वेळी आत जायचं नाही. पुढच्या वेळी ती आत गेली.

हिवाळाभर असं चाललं. कधी ती गप्प राहायची, कधी बोलायची. एकदा बोलता बोलता शुभदा हसली, तेव्हा प्रभावतीला खोलीतले ते दिवस इतके स्वच्छ आठवले की ती कप तसाच ठेवून निघून आली. माफ केलं का, असं विनयनं विचारलं. ती म्हणाली, तुरे आणतेय, एवढंच.

जानेवारीच्या धुक्यात तुरे वाळले. प्रभावती रोज बोटानं चाचपून बघायची. एके सकाळी एका तुऱ्यात वाळक्या पाकळ्यांच्या मागे हिरवे, लवदार, वाटाण्याएवढे गोळे दिसले. तिनं दुसरा तुरा पाहिला, त्यातही होते. ती आत आली, विनयच्या हातातला पेपर काढून घेतला आणि त्याला मनगटाला धरून बाहेर नेलं.

फळ धरलं म्हणून जीव थाऱ्यावर आला असं मात्र झालं नाही. विजयालक्ष्मी म्हणाल्या, एका घोसात चार-पाचच ठेवा, बाकीची काढा, नाहीतर सगळीच बारीक राहतील. प्रभावती दोन दिवस कात्री घेऊन झाडाखाली नुसती उभी राहिली. ज्यांची इतकी वर्षं वाट पाहिली ती आता आपल्याच हातानं तोडायची. शेवटी डोळे बारीक करून तिनं तोडली. फेब्रुवारीत एका दुपारी गारा पडल्या, तेव्हा ती ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली. पश्चिमेकडच्या फळांवर जांभळट डाग पडले, ते उन्हाचे होते. मार्च लागला तसे पोपट यायला लागले. जुन्या मलमलच्या ओढण्या फाडून तिनं घोस बांधले. आता झाड एखाद्या जखमी माणसासारखं दिसत होतं. पहाटे पोपटांची किरकिर ऐकू आली की ती अंथरुणातूनच धावायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओढणीतून पिवळा रंग दिसला. तिनं लगेच तोडलं नाही. देठापर्यंत केशरी झाल्याशिवाय गोडी येत नाही, हे तिला ठाऊक होतं. थांबणं तिला कधी जमलं नव्हतं, तरी थांबली. आणि मग एका रविवारी सकाळी तिनं शुभदाला फोन केला. म्हणाली, तयार झालीत, येतेस का. शुभदा म्हणाली, पत्ता पाठव.

शुभदा ऑटोनं आली. विनयनं खुर्च्या अंगणात टाकल्या, विजयालक्ष्मी खाली आल्या. प्रभावतीनं पहिला घोस सोडला, एक फळ पुसलं आणि तिथेच उभ्यानं खाल्लं. साल पातळ होती, रस हनुवटीवर ओघळला. थोडं आंबट होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं बिया तळहातावर काढल्या आणि म्हणाली, “चांगलं आहे.” तिला आणखी काहीतरी वाटायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं, आणि हळूहळू ते वाटायला लागलं. उरलेला घोस तिनं शुभदाच्या हातात दिला.

शुभदानं एक फळ सोललं आणि न खाता हातात धरून ठेवलं. “प्रभा, त्या दिवशी मी उठून तुझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं,” ती म्हणाली.

“हो,” प्रभावती म्हणाली. “खा आता.”

महिनाअखेरीस ऑफिसात हारतुरे झाले. जूनमध्ये ट्रक आला. क्वार्टर ओडिशातल्या एका तरुण जोडप्याला मिळालं. प्रभावतीनं त्यांना झाडाबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यातलं किती त्यांच्या डोक्यात शिरलं, देव जाणे. आपण तिकडे पुन्हा बघायला जायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि आजवर गेलेली नाही.

वसुंधराच्या फ्लॅटमध्ये ती पहिले काही दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. लिफ्टनं खाली जायची, सोसायटीला फेरी मारून वर यायची. मग एका दुपारी शुभदाचा फोन आला. निवृत्तीला अजून वर्ष आहे, म्हणाली, मग पुण्याला जाईन, त्याआधी तुझं घर तरी बघते. प्रभावतीनं सांगितलं, राजीव चौकला मेट्रो बदल, वैशाली शेवटचं स्टेशन, मी घ्यायला येते.

ती फारच लवकर पोचली. वैशालीच्या जिन्याखाली ई-रिक्षांच्या गर्दीत ती इकडून तिकडे चालत राहिली. एक गाडी आली, माणसं उतरून पांगली. दुसरी आली. तिनं फोन काढला, लावला नाही, पुन्हा पर्समध्ये टाकला. तिसऱ्या गाडीची गर्दी ओसरल्यावर वरच्या पायरीवर शुभदा दिसली. ती कठडा धरून, एकेक पायरी जपून उतरत होती, दुसऱ्या हातात जड पिशवी. प्रभावती भराभरा वर चढली, पिशवी तिच्या हातातून घेतली, आणि मग तिच्या चालीनं, एकेक पायरी थांबत, तिच्याबरोबर खाली उतरायला लागली.